वावरासंगं

संतराम गेला तो ऐन वैशाखात. सेनगावहून मोटारसायकलवर परतत होता, समोरून आलेल्या टेम्पोनं उडवलं आणि दवाखान्यात नेईपर्यंत सगळं आटोपलं होतं. मागं राहिली बायको आशाबाई, एकुलती एक लेक प्रियदर्शनी, आणि साखरा गावच्या शिवारात ओढ्याकाठचं काळ्या मातीचं वावर. मुलगा नाही, ही गोष्ट संतराम जिवंत असताना घरात कोणी बोलून दाखवली नव्हती. तो गेल्यावर मात्र ओसरीवर बसायला येणाऱ्या प्रत्येकाच्या तोंडी ती आली. 'मागं पोरगं न्हाई,' असं म्हणत माणसं सुस्कारे टाकत होती आणि त्यांच्याच पुढ्यातले चहाचे रिकामे कप प्रिया उचलत होती.

संतरामचा थोरला भाऊ वैजनाथ तसा वाईट माणूस नव्हता. भावकीत त्याचा शब्द चालायचा. भाऊ गेल्यावर पोलीस ठाण्याची, दवाखान्याची सगळी धावपळ त्यानंच केली. मृगात स्वतःचा ट्रॅक्टर घालून भावाचं वावर पेरून दिलं. त्याचा मुलगा पुण्याला कंपनीत लागला होता आणि गावाकडं परत यायचं नाव काढत नव्हता, म्हणून ट्रॅक्टरवर त्यानं बायकोचा भाचा आणून ठेवला होता. शिवशंकर त्याचं नाव. कनेरगाव नाक्यावर त्याच्या बापाचा धाबा होता.

पोळा झाला आणि एका सकाळी वैजनाथ ओसरीवर येऊन बसला. आशाबाईनं डोक्यावरचा पदर नाकापर्यंत ओढला आणि ती दाराच्या चौकटीआड उभी राहिली. लग्न होऊन आल्यापासून थोरल्या दिराशी ती थेट कधी बोलली नव्हती. काही सांगायचं झालंच तर जावेला, नर्मदाबाईला सांगायची.

"संतरामला साल व्हायच्या आत पोरीचं उरकाया पायजे," वैजनाथ म्हणाला. "न्हाईतर पुढं तीन वर्षं लग्नाचं नाव काढता येत न्हाई. परका पोरगा पायला तर तो वावर इकून मोकळा व्हईल. शिवशंकर घरचा हाय. इथंच ऱ्हाईल, वावर करील, तुमाला बी सांभाळील. घरचं वावर घरात. दसरा झाला की सुपारी फोडू."

त्याच्या बोलण्यात दुष्टावा नव्हता. एवढं साधं कोडं आपल्याला सुटलं याचं समाधान होतं. आशाबाई काहीच बोलली नाही. ती बोलणार नव्हतीच, त्यामुळं तिचं गप्प राहणं हाच होकार धरून वैजनाथ उठला. आईच्या मागं उभी असलेली प्रिया पिशवी खांद्याला अडकवून बसस्टॉपकडं निघाली. हिंगोलीच्या कॉलेजात ती बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला होती. पहिला तास इतिहासाचा होता.

बसमध्ये खिडकीला डोकं टेकवून ती बाहेर बघत होती. दोन्ही बाजूंचं सोयाबीन पिवळं पडायला लागलं होतं. शिवशंकरचा तिला राग येत नव्हता. गेली दोन वर्षं तो समोर थोरल्या चुलत्याच्या घरात होता, येता-जाता दिसायचा. राग येत होता तो 'पोरगी' हा शब्द एकदाच आणि 'वावर' हा शब्द तीनदा आला होता, याचा.

कॉलेजात मिना मॅडम प्राचीन ग्रीस शिकवत होत्या. मॅडम मूळच्या नांदेडच्या, बोलणं सावकाश, आणि फळ्यावर लिहिण्याआधी खडू दोन बोटांत फिरवायची सवय. त्या दिवशी त्यांनी फळ्यावर 'अथेन्समधील कुटुंब' असं लिहिलं.

"लोकशाहीचा जन्म अथेन्समध्ये झाला, हे तुम्हाला पाठ आहे," त्या म्हणाल्या. "आता ती लोकशाही कोणाची होती ते पाहू. गुलामांची नाही. बाहेरून येऊन तिथं पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्यांची नाही. आणि बायकांची तर नाहीच. तिथल्या बाईला जन्मभर एक पालक लागायचा. आधी बाप, मग नवरा, नवरा गेला तर मुलगा. चांगल्या घरची बाई घराच्या आतल्या भागात राहायची, सूत कातायची, कापड विणायची. बाजारात भाकरी नाहीतर फिती विकताना जी बाई दिसायची, ती गरिबाघरची. म्हणजे हिंडायची मोकळीक होती ती जिला प्रतिष्ठा नव्हती तिलाच."

मागच्या बाकावरून प्रेमदासनं विचारलं, "मॅडम, हे परीक्षेला येतं का?"

"येतं. पाच मार्काला," मॅडम म्हणाल्या आणि वर्ग हसला. "आणखी एक लिहून घ्या. एखादा माणूस मुलगा नसताना मेला आणि त्याला मुलगी असली, तर तिला 'एपिक्लेरोस' म्हणत. म्हणजे साधारण, इस्टेटीसोबत येणारी. बापाच्या बाजूचा जो सगळ्यात जवळचा पुरुष नातेवाईक, त्याला तिच्याशी लग्न करायचा हक्क मिळायचा. त्याचं आधी लग्न झालेलं असलं तर तो पहिल्या बायकोला सोडून हिच्याशी लग्न करू शकायचा. मालमत्ता तिच्या नावाची कधीच होत नसे. तिला मुलगा झाला की ती त्याची. ती फक्त मधला पूल."

प्रियाच्या हातातला पेन थांबला. शेजारी बसलेली तिची मैत्रीण सृष्टी भराभर लिहीत होती. प्रिया उभी राहिली. वर्गात ती फारशी बोलत नसे, त्यामुळं मॅडमही थबकल्या.

"मॅडम, आणि ती न्हाई म्हणली तर?"

"कोण?"

"ती पोरगी. न्हाई करायचं म्हणली तर?"

मॅडमनी खडू टेबलावर ठेवला. "तिच्या नकाराला कायद्यात जागाच नव्हती, प्रियदर्शनी. दावा कोणाचा खरा यावर पुरुष न्यायालयात भांडायचे. त्यांची भाषणं अजून वाचायला मिळतात. ती काय म्हणाली हे कोणी लिहून ठेवलं नाही."

मग त्यांनी स्पार्टाबद्दल सांगितलं. तिथल्या बायकांच्या नावावर पुष्कळ जमिनी होत्या, त्या मोकळ्या हिंडायच्या, मैदानात धावायच्या. "पण भाळून जाऊ नका," मॅडम म्हणाल्या. "त्या जमिनी कसायचे हेलॉट. राबवून घेतलेली, स्वातंत्र्य नसलेली माणसं. एकीचा मोकळेपणा दुसऱ्याच्या पाठीवर उभा होता."

तास संपल्यावर प्रिया थांबली. रिकाम्या वर्गात तिनं मॅडमना सगळं सांगितलं. सांगताना ती रडली नाही, याचं तिलाच नवल वाटलं.

"कायदा आज तुझ्या बाजूनं आहे," मॅडम म्हणाल्या. "वडलांची जमीन आई आणि तू, तुम्हा दोघींची. तू सज्ञान आहेस, तुझ्या मनाविरुद्ध तुझं लग्न कोणी लावू शकत नाही. हे लिहून द्या म्हणालीस तरी देईन. पण खोटं कशाला बोलू? वावरात तुझ्यासोबत मी उभी राहू शकणार नाही. तिथं कोण उभं राहतं ते तुलाच बघावं लागेल."

"व्हय," प्रिया म्हणाली. "एवढंच पायजे होतं."

घरी आल्यावर तिनं आईला विचारलं. आशाबाई चुलीपुढं भाकरी थापत होती.

"माय, तुला पटतं का हे?"

"माझ्या पटण्याचं काय घिऊन बसलीस?"

"मी तुलाच इचारून राहिले."

आशाबाईचे हात थांबले. भाकरी परातीतच राहिली. "माझी सुपारी फुटली तवा मी मागल्या दारी भांडे घासून राहिले होते," ती म्हणाली. "बाहेर हसण्याचा आवाज आला म्हणून कळलं की ठरलं. तुझा बाप भला निघाला. पर तो भला निघंल का बुरा, हे मला कोणी इचारलं नव्हतं." तिनं भाकरी तव्यावर टाकली आणि पाण्याचा हात फिरवला. "न्हाई म्हणायचं तर म्हण. पर भावकी तुटंल. एकदा तुटली की कोणी दारात येत न्हाई, हे समजून म्हण."

"समजून म्हणते."

वैजनाथकडं जाण्याआधी ती शिवशंकरला भेटली. तो ट्रॅक्टरखाली आडवा होऊन जुनं वंगण खरवडून काढत होता. तिला बघून बाहेर आला आणि हात पुसायला फडकं शोधू लागला.

"तुमाला इचारलं होतं का कोणी, माझ्यासंगं लग्न करायचं म्हणून?"

"न्हाई," तो खाली बघत म्हणाला. "आत्यानं सांगितलं, ठरलंय."

"मंग तुमी न्हाई म्हणा ना."

तो बराच वेळ फडक्यानं एकच बोट पुसत राहिला. "खरं सांगू का? वावर कोणाला नगं असतं? बापाच्या धाब्यावर तीन भाऊ हावोत आमी. मी न्हाई म्हणणार न्हाई. तुमी म्हणत असाल तर म्हणा."

तो खोटं बोलला नाही, एवढं एक तिला बरं वाटलं. पण तिकडून मदत येणार नव्हती. ती तशीच समोरच्या ओसरीवर गेली. वैजनाथ पान लावत बसला होता, नर्मदाबाई उंबऱ्यात गहू निवडत होती.

"मोठे बापू, मला शिवशंकरसंगं लग्न करायचं न्हाई. आणि वावर आमी माय-लेकीच करणार."

वैजनाथनं वर पाहिलं. तो ओरडेल असं तिला वाटलं होतं. तो ओरडला नाही. पानाची घडी घातली, तोंडात ठेवली.

"कोण शिकवून राहिलं हे तुला? कॉलेज?"

"कोणी न्हाई."

"बरं. मंग सोयाबीन बी तुमीच काढा," तो म्हणाला. "काहून की माझा ट्रॅक्टर आता तिकडं येणार न्हाई. आन् माझ्या वावरातून रस्ता बी न्हाई. बाईमाणसाला वावर करता येतं का न्हाई, बघू की."

नर्मदाबाईनं सुपातले गहू जोरात पाखडले. प्रिया परत फिरली आणि अंगण ओलांडेपर्यंत सरळ चालली.

वैजनाथनं बोलल्याप्रमाणं केलं. आठवडाभरात सोयाबीन वाळून खडखडायला लागलं. ऊन कडक होतं, सोंगणी लांबली तर शेंगा तडकून दाणे भुईवर सांडणार. आशाबाई गावातल्या मजूर बायांच्या घरी जाऊन आली. कोणाला वैजनाथच्या वावरात जायचं होतं, कोणाची पोरगी आजारी होती, कोणी नुसतं 'बघू' म्हणालं. त्यांचंही खोटं नव्हतं, वैजनाथशी वाकडं घेऊन त्यांना गावात राहायचं होतं. वावराकडं जाणारी पाणंद वैजनाथच्या शेतातून जात होती. तिच्या तोंडाशी बाभळीच्या फांद्या रचलेल्या दिसल्या.

माय-लेकी ओढ्यातून फिरून गेल्या आणि दोघींनीच विळे चालवायला सुरुवात केली. संध्याकाळी मागं वळून पाहिलं तर कापलेला पट्टा एवढासा आणि उभं पीक नजरेत मावेना. आशाबाईच्या तळहाताला फोड आले होते.

"तांड्यावर जाऊ," ती म्हणाली.

ओढ्यापलीकडं टेकाडावर लमाणांचा तांडा होता. तिथली भिकाबाई बायांची टोळी घेऊन आसपासच्या गावांत सोंगणीला जायची. स्वतःचंही थोडं वावर होतं तिचं, आणि लेक देविदासनं मळणीयंत्र घेतलेलं होतं. माय-लेकी गेल्या तेव्हा भिकाबाई अंगणात तुरीच्या काड्यांचा खराटा बांधत होती. तिचा नवरा भावसिंग खाटेवर बसला होता. आशाबाईनं येण्याचं कारण सांगितलं.

"वैजनाथचं भांडण हाय हे," भावसिंग खाटेवरूनच म्हणाला. "आपल्याला काय करायचं त्याच्यात? उद्या त्याच्याच वावरात काम मागायला जावं लागन."

"तुमी गप बसा जरा," भिकाबाई म्हणाली. मग आशाबाईकडं वळली. "रोजानं बाया न्हाई मिळणार. सगळ्या गुंतल्यात. सावडीनं येऊ. आज आमी तुमच्या वावरात, उद्या तुमी दोघी आमच्या वावरात. जमन का?"

स्वतःच्या वावरात आशाबाईनं खुरपणी केली होती, वेचणी केली होती. पण दुसऱ्याच्या वावरात, तेही तांड्यावरच्या वावरात, त्यांच्या घराण्यातली बाई आजवर गेली नव्हती. घराण्याची शोभा म्हणून जे काही होतं, त्यात हे एक होतं.

प्रियाला मॅडमचं बोलणं आठवलं. राबणारं दुसरं कोणी असलं की मोकळं होणं सोपं असतं. सावडीत तसं नव्हतं. सावडीत ज्याचे हात आपल्या वावरात येतात, त्याच्या वावरात आपले हात जावे लागतात.

"मी येते," ती म्हणाली. "कॉलेजाला दांडी पडली तर पडू दे."

"तू काय पोरगी, तू येशील," भिकाबाई म्हणाली. "मी हिला इचारून राहिले. गाव बोलन, वैजनाथच्या भावजयीनं लमाणाच्या वावरात इळा धरला म्हणून. मागून मला बोल लावाल."

"न्हाई लावणार," आशाबाई म्हणाली. "मला घरात बसवून ज्यानं पोरगी द्यायला काढली, त्यानं बोलावं खुशाल. मी येते."

भिकाबाई हसली. "तांड्यावर लई मोकळं हाय असं नगा समजू. आमच्यात बी पंच बसले की बाईला तिकडं फिरकू देत न्हाईत. मी इथं बडबड करते, तिथं माझं तोंड बंद." तिनं खराटा बाजूला ठेवला. "उजाडताच येतो."

दुसऱ्या दिवशी वावर बायांनी भरून गेलं. विळ्यांचा खर्रर्र आवाज, मध्येच कोणाचं तरी लमाणी बोलीतलं गाणं, आणि मागं पडत जाणारे सोयाबीनचे ढीग. प्रिया भिकाबाईच्या शेजारच्या ओळीत होती. भिकाबाई तिला पुढं जाऊ देत नव्हती, पण मागंही पडू देत नव्हती. दुपारपर्यंत निम्मं वावर मोकळं झालं.

तेव्हा वैजनाथ बांधावर आला. मागं शिवशंकर होता, नुसता उभा. वैजनाथनं पीक बघितलं, बाया बघितल्या, आणि प्रियाला हाक मारली.

"तुझ्या मायला सांग, हे चाललंय ते बराबर न्हाई. माझ्या ट्रॅक्टरनं पेरलेलं पीक हाय हे. तिला म्हणावं, पोरीचं ऐकून घराण्याचं नाक कापू नगस."

प्रिया काही बोलणार तोच आशाबाई विळा हातात घेऊन बांधापर्यंत गेली. कामात तिचा पदर कधीच खांद्यावर घसरला होता. तो तिनं वर घेतला, पण डोक्यापर्यंतच.

"मला सांगा, भावजी," ती म्हणाली. "मी इथंच हाय."

बायांचे विळे थांबले. वैजनाथ तिच्याकडं बघतच राहिला. हा आवाज त्यानं दाराआडून भांडी मागताना, पोरीला हाक मारताना ऐकला असेल. आपल्याला उद्देशून निघालेला पहिल्यांदाच ऐकत होता.

"पेरणी तुमी करून दिली, ते मी इसरले न्हाई," आशाबाई पुढं म्हणाली. "यंत्र जसं तुमचं, तसं बियाणं आमचं, खुरपण आमचं. तरी बी तुमची सावड आमच्यावर हाय. तुमचं सोंगायला आलं की सांगा, आमी दोघी येऊन फेडून टाकू. पर पेरणीच्या बदल्यात पोरगी न्हाई मिळणार."

"बदल्यात कोण म्हणलं?" वैजनाथ म्हणाला. "मी तुमच्या भल्याचं—"

"भलं असंल बी. तरी बी न्हाई."

बाईमाणसाशी वावरात उभं राहून वाद घालायची वैजनाथला सवय नव्हती. तो वळला आणि निघून गेला. शिवशंकर मिनिटभर रेंगाळला, मग मान खाली घालून त्याच्यामागं गेला. पाणंदीतले काटे मात्र तसेच राहिले.

म्हणून देविदासचं मळणीयंत्र वावरात येऊ शकलं नाही. बायांनी सोयाबीनचे भारे डोक्यावर घेतले आणि गुडघाभर पाण्यातून ओढा ओलांडून तांड्याजवळच्या खडकावर नेले. दोन भारे पाण्यात गेले. आशाबाई एकदा घसरली आणि कोपर खरचटलं. पण दिवस मावळताना यंत्र सुरू झालं आणि भुसा उडू लागला, तेव्हा अंगभर कुसं टोचत असूनही प्रिया तिथून हलली नाही.

पुढं दोघी भिकाबाईच्या वावरात गेल्या. गावानं बोलायचं ते बोललंच. नर्मदाबाई नळावर पाणी भरताना मुद्दाम मोठ्यानं म्हणाली, "आता काय राह्यलं? उद्या तांड्यावरच संसार मांडतील." आशाबाईनं हंडा उचलला आणि घरी आली. त्या दिवशी ती जेवली नाही. दुसऱ्या दिवशी मात्र नेहमीच्या वेळेला विळा घेऊन निघाली आणि तांड्यावर भिकाबाईनं पुढं केलेली भाकरी आणि मिरचीचा ठेचा सगळ्या बायांच्या घोळक्यात बसून खाल्ला.

एवढं होऊनही वैजनाथनं सुपारीचा विचार सोडला नव्हता. पाहुणे घरात आले की बाया गप बसतात, असा त्याचा आजवरचा अनुभव होता. दसरा झाला आणि कनेरगाव नाक्याहून शिवशंकरचा बाप सोनाजी दोन नातेवाईक घेऊन आला. वैजनाथच्या ओसरीवर सतरंजी अंथरली. भावकीतले चार-सहा जण बसले. नर्मदाबाई बोलवायला आली. "चल, चांगली साडी नेस," ती प्रियाला म्हणाली. "पाहुण्यासमोर तमाशा नगं."

प्रियानं साडी नेसली नाही. कॉलेजला जायचा सलवार-कमीज होता, त्यातच ती निघाली. आशाबाई बरोबर होती. ओसरीच्या पायरीवर चपला काढून दोघी वर गेल्या आणि सतरंजीच्या कडेला बसल्या. बाया आत स्वयंपाकघरात बसायच्या, म्हणून एक म्हातारा चुलता खाकरला. दोघी उठल्या नाहीत.

"मामा," प्रिया सोनाजीला म्हणाली, "तुमी लांबून आलात. तुमचा अपमान करायचा न्हाई मला. तुमच्या पोराबद्दल बी माझी काही तक्रार न्हाई. पर मला हे लग्न करायचं न्हाई. मी आधीच मोठ्या बापूंना सांगितलं होतं. तुमाला सांगितलं नसंल, म्हणून आता सांगते."

सोनाजीनं वैजनाथकडं पाहिलं. "पोरीला इचारलं नव्हतं का तुमी?"

"पोरीला काय इचारायचं? घरातली वडीलधारी माणसं हावोत ना आमी."

"ते बराबर हाय," सोनाजी म्हणाला. रस्त्यावर धाबा चालवणारा माणूस होता तो. रोज पन्नास तऱ्हेची गिऱ्हाइकं बघायची, कोण भांडण काढणार आणि कोण जेवून निघून जाणार हे ओळखायची त्याला सवय होती. तो प्रियाकडं बघून मग आशाबाईकडं बघत राहिला. "पर वैजनाथराव, माणसं बसलीत तिथं येऊन न्हाई म्हणणारी सून घरात नेऊन मी काय करू? उद्या ती पोलिसात गेली तर माझा धाबा बंद. न्हाई बा. हे जमायचं न्हाई."

"वावराचं—"

"वावर तिचं हाय ना? मंग तिचंच ऱ्हाऊ द्या."

सोनाजी हे तिच्यावर उपकार म्हणून बोलला नाही, आपली तकलीफ टाळायला बोलला. पण बोलला खरा, आणि भावकीच्या देखत बोलला. ताटातली सुपारी कोणी हातात घेतली नाही. शिवशंकर दारात उभा होता. त्याच्याकडं कोणी बघितलं नाही आणि त्यानंही कोणाकडं बघितलं नाही. चहा झाला, पाहुणे उठले.

त्यानंतर आशाबाई म्हणाली होती तसंच झालं. भावकी तुटली. दिवाळीत फराळाचं ताट घेऊन कोणी दारात आलं नाही आणि इकडून पाठवलेलं ताट नर्मदाबाईनं झाकण न काढता परत पाठवलं. चुलत्याच्या नातवाच्या बारशाचं आवतण आलं नाही. आशाबाईला ते लागलं. सणासुदीला ती सारखी दाराकडं बघायची आणि मग काहीतरी काम काढून बसायची. प्रियाला ते दिसत होतं. आपण जिंकलो असं तिला एकदाही वाटलं नाही. आपण केलं ते करायलाच हवं होतं, एवढं पक्कं वाटत होतं.

हरभरा पेरायला देविदासनं ट्रॅक्टर दिला. ओढ्याचा काठ फोडून त्यानं तो कसाबसा वावरात घातला. पाणंद मोकळी करून मिळावी म्हणून माय-लेकींनी सेनगावला तहसील कार्यालयात अर्ज केला. त्याची पहिली तारीख पडली, मग दुसरी पडली. दोन्ही वेळा आशाबाई लेकीबरोबर गेली आणि बाकड्यावर इतर पक्षकारांच्या रांगेत बसली. साहेबांनी विचारलं तेव्हा रस्ता कुठून कुठं जातो, सासऱ्याच्या काळात बैलगाडी कशी जायची, हे तिनं स्वतःच सांगितलं. दुसऱ्या तारखेला वैजनाथही आला होता. त्यानं तिच्याकडं बघितलं नाही. बाहेर पडताना मात्र, साहेबांच्या दारात दोघं समोरासमोर आली तेव्हा, तो बाजूला झाला आणि तिला आधी जाऊ दिलं.

"काय म्हणाले मोठे बापू?" प्रियानं विचारलं.

"काही न्हाई म्हणले. म्हणतील कवातरी," आशाबाई म्हणाली. "न्हाई म्हणले तर तारखा हायेतच."

बसला वेळ होता. स्टँडवर दोघींनी चहा घेतला. प्रियाची परीक्षा जवळ आली होती आणि पुढं एम.ए. करायचं तिनं ठरवलं होतं. तिच्या लग्नाचं काय, असं गावातल्या कोणी ना कोणी आशाबाईला रोज विचारत होतं. वैशाखात साल होईल, मग तीन वर्षं थांबावं लागंल, असं बजावत होतं.

"काय सांगतेस मंग तू त्यांना?" प्रियानं विचारलं.

"सांगते, तिलाच इचारा." आशाबाईनं कप खाली ठेवला आणि पदराला हात पुसला. "चल, बस लागली. आणि सकाळी लवकर उठव मला. हरभऱ्याला घाटे धरायला लागलेत, रानडुकरं यायच्या आत कुंपणाला साड्या बांधायच्या हायेत."

दोघी बसमध्ये चढल्या. पुढच्या सीटवर जागा होती, तिथंच बसल्या.